बिली हॉलिडेचे ध्वनिमुद्रित गाणे : एक अभ्यास

जॅझ हा शब्द आपल्या परिचयाचा आहे. जॅझमधील गाणे मात्र आपल्यापैकी फार थोड्यांच्या कानांवरून गेलेले असते. त्यातही गायिकांचा विषय निघाला की बिली हॉलिडेचे नाव घेतले जाते आणि ते घेताना बहुधा तिच्या गाण्याऐवजी तिच्या दुःखांची यादी सांगितली जाते. दारिद्र्यातले बालपण, वर्णद्वेष, मादक पदार्थांचे व्यसन, तुरुंगवास आणि वयाच्या अवघ्या ४४ व्या वर्षी रुग्णालयात आलेला मृत्यू. ही यादी खरी आहे. परंतु ती मनात ठेवून तबकडी लावली की आपण गाणे ऐकत नाही, यादीच ऐकतो, असे मला वाटू लागले. म्हणून या लेखापुरता मी क्रम उलटा केला आहे. १९३३ ते १९५९ या सव्वीस वर्षांत तिने जे ध्वनिमुद्रित केले, त्यातील महत्त्वाचे टप्पे क्रमाने पाहावयाचे आणि चरित्राची मदत तबकडीच मागेल तेथे घ्यावयाची.

मी संगीतशास्त्राची विद्यार्थिनी नाही, साहित्याची आहे. पण कवीचे चरित्र बाजूला ठेवून कविता वाचता येते का, हा प्रश्न कवितेच्या तासाला आपण वारंवार ऐकतो. तोच प्रश्न येथे एका गायिकेच्या बाबतीत विचारून पाहावा, एवढाच या लेखाचा हेतू.

तबकडीवरून शिकलेली गायिका

बिली हॉलिडेचे मूळ नाव एलिनोरा फेगन. जन्म ७ एप्रिल १९१५, फिलाडेल्फिया. बालपण बाल्टिमोर शहरात गेले. वडील क्लॅरन्स हॉलिडे हे जॅझ वाद्यवृंदांत गिटार वाजवीत, पण त्यांचा सहवास तिला फारसा मिळाला नाही. 'बिली' हे नाव तिने बिली डव्ह या चित्रपट-अभिनेत्रीवरून घेतले. १९५६ मध्ये विल्यम डफ्टी या पत्रकाराच्या साहाय्याने लिहिलेले तिचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. त्यात जन्मगाव बाल्टिमोर दिले आहे, तर नंतर अभ्यासकांनी शोधलेले कागदपत्र फिलाडेल्फिया दाखवतात. पहिल्याच तपशिलाची ही अवस्था असल्यामुळे त्या पुस्तकावर किती विसंबावे, याचा विचार पुढेही करावा लागतो.

गाण्याचे रीतसर शिक्षण तिला मिळाले नाही. तिची शाळा म्हणजे दुसऱ्यांच्या तबकड्या. बेसी स्मिथचा भरदार आवाज आणि लुई आर्मस्ट्राँगची भावना या दोन गोष्टी आपल्याला हव्या होत्या, असे तिने स्वतः सांगितले आहे. या दोन नावांमध्ये तिच्या गाण्याचे बरेचसे स्पष्टीकरण आहे. बेसी स्मिथने १९२३ मध्ये पहिले ध्वनिमुद्रण केले ते कर्ण्यासमोर उभे राहून. त्या काळी आवाज मुळात मोठा असल्याखेरीज तबकडीवर उमटतच नसे. १९२५ पासून विजेच्या साहाय्याने ध्वनिमुद्रण होऊ लागले, मायक्रोफोन आला, आणि हलक्या आवाजात, जवळ बसलेल्या माणसाशी बोलावे तसे गाणेही तबकडीवर येऊ लागले. बिली हॉलिडेचा आवाज लहान होता. त्याचा पल्ला एका सप्तकाहून थोडासाच अधिक असे. मायक्रोफोन नसता तर हा आवाज एखाद्या लहान क्लबाच्या चार भिंतींबाहेर गेला नसता. आर्मस्ट्राँगकडून तिने घेतले ते वेगळेच. एखादी परिचित चाल जशीच्या तशी न म्हणता तिच्यातले काही स्वर गाळावेत, काही लांबवावेत, काही उशिरा घ्यावेत, आणि तरीही चाल ओळखू यावी, ही ट्रंपेटवादकाची रीत तिने गळ्यात उतरवली.

एक योगायोग येथे नोंदवण्यासारखा आहे. जॉन हॅमंड या तरुण निर्मात्याने १९३३ च्या प्रारंभी हार्लेममध्ये तिचे गाणे ऐकले. त्याच वर्षी २४ नोव्हेंबर रोजी हॅमंडने न्यूयॉर्कमध्ये बेसी स्मिथचे ध्वनिमुद्रण केले. ते तिचे अखेरचे ठरले. त्यानंतर तीनच दिवसांनी, २७ नोव्हेंबरला, बेनी गुडमनच्या वाद्यवृंदाबरोबर १८ वर्षांच्या बिली हॉलिडेचे पहिले ध्वनिमुद्रण झाले. 'युअर मदर्स सन-इन-लॉ' हे ते गाणे. त्यात पट्टी तिच्या आवाजाला चढी आहे आणि गाणे काहीसे घाईत आहे. पुढे जी गायिका आपल्याला भेटते ती येथे अजून नीट उभी राहिलेली नाही.

तीन मिनिटांची चौकट

७८ फेऱ्यांच्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर सुमारे तीन मिनिटे मावत. ही मर्यादा आपल्यालाही अपरिचित नाही. रंगभूमीवर दीर्घकाळ रंगणारी पदे बालगंधर्वांच्या जुन्या तबकड्यांवर तेवढ्याच वेळात आवरलेली आपण ऐकतो. बिली हॉलिडेची अडचण याहून मोठी होती, कारण ती तीन मिनिटेही तिची नव्हती. २ जुलै १९३५ रोजी पियानोवादक टेडी विल्सन याच्याबरोबर तिने ब्रन्सविक कंपनीसाठी जी ध्वनिमुद्रणे सुरू केली, त्यांत मुख्य नाव विल्सनच्या वाद्यवृंदाचे असे. वादकांनी आपापले आवर्तन वाजवावयाचे आणि मध्ये एक आवर्तन तिने गावयाचे, अशी रचना असे. म्हणजे बहुधा एखाद-दीड मिनिट.

या तबकड्या प्रामुख्याने ज्यूकबॉक्ससाठी, म्हणजे नाणे टाकून गाणे वाजवणाऱ्या पेट्यांसाठी होत्या. १९३३ मध्ये अमेरिकेतील दारूबंदी उठली, मद्यगृहे पुन्हा उघडली आणि अशा पेट्यांची मागणी वाढली. खर्च कमी ठेवावयाचा असल्याने सहा-सात वादक जमवावयाचे, लिखित योजना फारशी करावयाची नाही आणि एका बैठकीत तीन-चार गाणी उरकावयाची, अशी पद्धत होती. बिलीला एकरकमी मोबदला मिळे. विक्रीवर हक्क नसे. गाणीही अनेकदा दुय्यम दर्जाची असत.

या परिस्थितीत तिने काय केले, हे पाहण्यासाठी पहिल्याच बैठकीतले 'व्हॉट अ लिटल मूनलाइट कॅन डू' ऐकावे. गाणे अतिशय द्रुत आहे. बेनी गुडमनची क्लॅरिनेट धावत येते, मागे ताल धावतो, आणि बिली प्रवेश करते ती मात्र धावत नाही. तालाच्या वेगाच्या निम्म्याने चालल्यासारखी ती वरून तरंगत जाते. गाण्यात शब्दच नसलेला, नुसता उद्गार असलेला जो भाग आहे, तो दुसऱ्या कोणी गायला असता तर पोरकट वाटला असता. ती त्याला एक हसरा, थोडा मिस्किल डौल देते. या गाण्यात दुःख नावालाही नाही. बिली हॉलिडे म्हणजे वेदनेचा स्वर, असे समीकरण ज्यांनी मनात धरले असेल, त्यांनी या २० वर्षांच्या मुलीचा आनंद आधी ऐकावा.

गाण्याच्या शब्दांना ठोक्याच्या थोडे मागून सोडणे हे तिचे मुख्य साधन. आपल्या ठुमरीत गायिका एकच ओळ वेगवेगळ्या अंगांनी म्हणून बोल बनवते, हे आपण जाणतो. बिलीच्या गाण्यात तेवढा अवकाश नाही. ओळ एकदाच यावयाची असते. म्हणून त्या एका वेळीच शब्द कोठे ठेवावा, कोणता आधी टाकावा, कोणता रेंगाळवावा, याचा निर्णय तिला घ्यावा लागतो. ही तुलना येथेच थांबवलेली बरी, कारण दोन्ही संगीतांचे व्याकरण वेगळे आहे. परंतु शब्दाच्या वजनाकडे कान देण्याची आपल्याला सवय आहे आणि हे गाणे समजण्यास ती उपयोगी पडते.

लेस्टर यंग : दुसरा आवाज

२५ जानेवारी १९३७ रोजीच्या बैठकीत टेनर सॅक्सोफोनवादक लेस्टर यंग प्रथम तिच्याबरोबर होता. त्या दिवशीचे 'धिस इयर्स किसेस' सुरू होते ते त्याच्या वादनाने. मग बिली गाते. दोन्ही आवर्तने लागोपाठ ऐकली तर एकाच स्वभावाच्या दोन व्यक्ती बोलत आहेत असे वाटते. दोघांचाही स्वर हलका, कंप थोडा, आणि ओळीच्या शेवटी जोर देण्याची दोघांनाही नावड. त्याने तिला 'लेडी डे' म्हटले, तिने त्याला 'प्रेझ' म्हटले, आणि दोन्ही नावे कायमची चिकटली.

त्याच वर्षी जूनमध्ये मुद्रित झालेले 'अ सेलबोट इन द मूनलाइट' हे या काळातले माझ्या मते सर्वांत शिकवणारे उदाहरण आहे. गाणे सामान्य. चांदणे, नाव आणि प्रेमिक यांपलीकडे त्यात काही नाही. लोकप्रिय वाद्यवृंदांनी ते गोड करून वाजवले होते. बिली गाते तेव्हा यंग तिच्या ओळींच्या मधल्या जागांतून सॅक्सोफोन वाजवतो, तिच्या अंगावर न येता आणि तिला न सोडता. गोडवा गळून पडतो आणि दोन माणसांचे समंजस संभाषण उरते. सामान्य कविता चांगल्या वाचनाने सुधारत नाही, असे आपण मानतो. येथे सामान्य गाणे चांगल्या गाण्याने खरोखर बदललेले दिसते, कारण गायिकेने चालच पुन्हा घडवली आहे.

जे मुद्रित झाले नाही

एखाद्या कलावंताचा ध्वनिमुद्रित वारसा म्हणजे त्याचे गाणे नव्हे. त्या गाण्यातले जे दारातून आत येऊ दिले गेले तेवढेच. १९३७-३८ मध्ये बिली काउंट बेसीच्या प्रसिद्ध वाद्यवृंदाबरोबर गात होती. त्या वृंदात लेस्टर यंगही होता. परंतु बिली एका कंपनीशी बांधलेली आणि बेसी दुसऱ्या, त्यामुळे या जोडीचे एकही स्टुडिओ-मुद्रण झाले नाही. १९३७ मधल्या रेडिओ-प्रक्षेपणांतून टिपलेली तीन गाणी तेवढी शिल्लक आहेत. नाचगृहाच्या गर्दीत ती गाते आहे आणि मागे अख्खा वृंद उसळतो आहे, हे त्यांत ऐकू येते. तीन मिनिटांच्या शिस्तीतल्या बिलीपेक्षा ही बिली अधिक मोकळी आहे.

१९३८ मध्ये ती आर्टी शॉच्या वृंदात गेली. गोऱ्या वादकांच्या वृंदाबरोबर दक्षिणेकडील राज्यांत फिरणारी कृष्णवर्णीय गायिका, ही त्या काळी असामान्य आणि तिच्यासाठी अपमानकारक प्रसंगांनी भरलेली गोष्ट होती. त्या संपूर्ण सहवासातून एकच तबकडी-गाणे उरले : 'एनी ओल्ड टाइम', जुलै १९३८. पुढे १ ऑगस्ट १९४२ पासून वादकांच्या संघटनेने ध्वनिमुद्रणावर बहिष्कार टाकला, तेव्हा तर सर्वांचीच स्टुडिओची दारे बंद झाली. संग्रहातील या रिकाम्या जागा आठवणीत ठेवल्या पाहिजेत. अन्यथा कंपन्यांच्या करारांनी आखून दिलेला नकाशा हाच गायिकेचा खरा प्रदेश, असा समज होईल.

'स्ट्रेंज फ्रूट' : जेथे चरित्र नव्हे, इतिहास लागतो

आता त्या गाण्याकडे यावयाचे, ज्याला बाजूला ठेवून हा विषय पुराच होत नाही. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातील शाळेत शिकवणाऱ्या एबेल मिरोपोल या ज्यू शिक्षकाने कृष्णवर्णीयांना जमावाने झाडाला लटकवून ठार मारण्याच्या प्रथेवर एक कविता लिहिली. अशा एका प्रसंगाचे छायाचित्र पाहून तो अस्वस्थ झाला होता. कविता १९३७ मध्ये शिक्षकांच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. चालही त्यानेच लावली. टस्कीगी संस्थेच्या नोंदींप्रमाणे १८८२ ते १९६८ या काळात अमेरिकेत ३,४४६ कृष्णवर्णीय अशा रीतीने मारले गेले. कवितेतले झाड, फळ आणि वारा या प्रतिमा या आकड्याच्या पार्श्वभूमीवर वाचावयाच्या आहेत.

डिसेंबर १९३८ मध्ये बार्नी जोसेफसन याने 'कॅफे सोसायटी' हा क्लब उघडला. गोरे आणि काळे प्रेक्षक एकत्र बसू शकत अशा न्यूयॉर्कच्या मोजक्या जागांपैकी तो एक. १९३९ मध्ये बिली तेथे हे गाणे गाऊ लागली. नियम ठरलेला होता : हे गाणे शेवटचे, वाढपी थांबणार, दिवे मालवणार, केवळ तिच्या चेहऱ्यावर प्रकाशाचा झोत, आणि गाणे संपल्यावर ती परत येणार नाही. तिची नेहमीची कंपनी कोलंबिया हे गाणे मुद्रित करण्यास तयार झाली नाही. दक्षिणेतील ग्राहकांच्या प्रतिक्रियेची भीती होती. मग मिल्ट गेब्लर या तबकड्यांच्या दुकानदाराने आपल्या 'कमोडोर' या छोट्या कंपनीतर्फे २० एप्रिल १९३९ रोजी ते मुद्रित केले.

तबकडीवर अंधार आणता येत नाही, वाढप्यांना थांबवता येत नाही. त्याऐवजी तेथे सुरुवातीला मिनिटाहून अधिक काळ फक्त वाद्ये आहेत. ट्रंपेट आणि पियानो. तीन मिनिटांच्या तबकडीत गायिकेने एवढा वेळ गप्प राहावे, ही त्या काळी विलक्षण गोष्ट होती. मग ती गाते, आणि तिने चार वर्षे कमावलेली सर्व साधने येथे जवळजवळ टाकून दिलेली दिसतात. रेंगाळणे नाही, मिस्किलपणा नाही. शब्द सरळ, एकामागून एक, साक्षीदाराने जबानी द्यावी तसे. आवाज चढत नाही. शेवटचा शब्दही ती नेहमीसारखा मिटवत नाही, उघडा सोडते. माझ्या मते दुःख व्यक्त करण्यापेक्षा ते आवरण्याची ही कला आहे, आणि ती आंधळ्या सहजप्रेरणेतून येत नाही, विचारातून येते.

मराठी वाचकाला अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचा लढा दूरचा नाही. १९७२ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या दलित पँथरने आपले नाव तेथील ब्लॅक पँथर चळवळीवरून घेतले होते, आणि त्या साहित्याशी आपल्या विद्रोही कवितेचे नाते समीक्षकांनी अनेकदा दाखवले आहे. तरीही या गाण्याबाबत एक भेद ध्यानात ठेवावा. ते तिच्या स्वतःच्या जीवनाची कैफियत नाही. दुसऱ्याने लिहिलेल्या कवितेला, दुसऱ्यांवर गुदरलेल्या प्रसंगाला तिने आवाज दिला. म्हणून येथे आपल्याला हवा असतो तो समाजाचा इतिहास. गायिकेच्या व्यक्तिगत दुर्दैवाची माहिती नसली तरी अडत नाही.

मधला काळ

४ ऑक्टोबर १९४४ रोजी डेक्का कंपनीसाठी मुद्रित झालेल्या 'लव्हर मॅन'पासून नवा टप्पा सुरू होतो. आपल्यामागे तंतुवाद्ये हवीत, असा आग्रह तिने धरला आणि गेब्लरने, जो आता डेक्काकडे होता, तो मानला. जॅझच्या काही रसिकांना हे व्यापारी वळण वाटले. पण या गाण्यांत प्रथमच ती वाद्यवृंदातील एक आवर्तन गाणारी उरली नाही; संपूर्ण तबकडी तिची झाली.

मे १९४७ मध्ये मादक पदार्थ बाळगल्याबद्दल तिला अटक झाली आणि वेस्ट व्हर्जिनियातील आल्डरसन येथील तुरुंगात पाठवण्यात आले. मार्च १९४८ मध्ये ती सुटली आणि दोन आठवड्यांच्या आत, २७ मार्चला, न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये गर्दीने भरलेल्या सभागृहात गायली. परंतु शिक्षेमुळे तिचा परवाना गेला, आणि त्या परवान्याशिवाय न्यूयॉर्कमध्ये मद्य विकणाऱ्या क्लबांत गाता येत नसे. जॅझ जेथे रोज रात्री घडत होते, तीच जागा तिला बंद झाली. चरित्रातली ही एक गोष्ट तबकडी स्वतःहून मागते, कारण तिचा परिणाम थेट गाण्यावर आहे. रोजचा रियाज आणि रोजचे सहवादक तुटले. मैफली, दौरे आणि ध्वनिमुद्रणे एवढेच राहिले.

तीच गाणी, पुन्हा

१९५२ ते १९५७ या काळात निर्माता नॉर्मन ग्रँझ याने आपल्या कंपन्यांसाठी, ज्या पुढे 'व्हर्व्ह' या नावाखाली एकत्र आल्या, तिची अनेक ध्वनिमुद्रणे केली. १९४८ मध्ये दीर्घ मुद्रिका म्हणजे एल.पी. आली होती, तीन मिनिटांची सक्ती सैल झाली होती. ऑस्कर पीटरसन, बेन वेब्स्टर, हॅरी एडिसन, बार्नी केसेल असे उत्तम वादक तिच्याभोवती होते. तिने या काळात जुनी गाणी पुन्हा गायली, आणि अभ्यासकाला यापेक्षा मोठी देणगी नाही.

'दीज फूलिश थिंग्ज' घ्या. प्रियकराची आठवण देणाऱ्या बारीकसारीक वस्तूंची ही यादी आहे. १९३६ मध्ये टेडी विल्सनच्या वृंदाबरोबर तिने ते गायले तेव्हा चाल मध्यम लयीत, आवाज स्वच्छ, आणि यादी अशी पुढे सरकते की प्रत्येक वस्तू हातात घेऊन लगेच खाली ठेवली आहे. १९५२ मध्ये पीटरसनच्या पियानोबरोबर लय संथ झाली आहे. आवाजात खरखर आहे, वरचे स्वर टाळले आहेत. मात्र प्रत्येक वस्तूवर ती थांबते, आणि दोन वस्तूंमधली शांतता वाढलेली आहे. पहिल्या मुद्रणात आठवणी आहेत. दुसऱ्यात आठवणे ही क्रिया आहे. आवाज खालावला हे खरे, आणि कला वाढली हेही खरे. दोन्ही विधाने एका वेळी मान्य करण्याची तयारी ठेवल्याखेरीज या गायिकेचा अभ्यास होऊ शकत नाही.

उलट उदाहरणही द्यावयास हवे. 'मूनलाइट' हे द्रुत गाणे तिने १९५४ मध्ये पुन्हा मुद्रित केले. तेथे मला १९३५ चीच तबकडी श्रेष्ठ वाटते. नंतरची गायिका अधिक जाणती आहे, पण त्या गाण्याला जाणतेपण नको आहे.

याच काळातील तालमीच्या काही ध्वनिफिती उपलब्ध आहेत. १९५५ मधल्या एका तालमीत पियानोवर जिमी रोल्स आहे. बिली गाता गाता थांबते, बोलते, हसते, पुन्हा सुरू करते. आत्मचरित्रात जी गायिका दुसऱ्याच्या लेखणीतून बोलते, ती येथे काम करताना ऐकू येते. केवळ भावनेच्या भरात गाणारी अशिक्षित प्रतिभा, हे तिचे चित्र या फिती पुसून टाकतात.

अखेरची दोन वर्षे

८ डिसेंबर १९५७ रोजी सी.बी.एस. दूरचित्रवाणीवर 'द साउंड ऑफ जॅझ' हा कार्यक्रम थेट प्रक्षेपित झाला. त्यात तिने 'फाइन अँड मेलो' हे स्वतःचे ब्लूज गायले. १९३९ मध्ये 'स्ट्रेंज फ्रूट'च्या तबकडीच्या दुसऱ्या बाजूला हेच गाणे होते. भोवती बेन वेब्स्टर, कोलमन हॉकिन्स, जेरी मलिगन, रॉय एल्ड्रिज आणि लेस्टर यंग. यंग आजारी होता. त्याचे एक छोटे आवर्तन येते, अगदी थोड्या स्वरांचे, आणि ते ऐकताना तिचा चेहरा आपल्याला दिसतो. ती मान हलवते आहे, जणू प्रत्येक स्वर आधीपासून माहीत होता आणि तरीही आवडला. या गाण्याचे एक मुद्रण त्याच कार्यक्रमाच्या काही दिवस आधी स्टुडिओत झाले होते आणि ते तबकडीवरही निघाले. पण प्रक्षेपणातली ती दाद चित्रफितीतच आहे. यंग १५ मार्च १९५९ रोजी वारला. त्यानंतर चार महिन्यांनी, १७ जुलैला, ती गेली.

फेब्रुवारी १९५८ मध्ये झालेली 'लेडी इन सॅटिन' ही तिची सर्वांत वादग्रस्त मुद्रिका. रे एलिसची वाद्यवृंदरचना तिला आवडली होती आणि तिनेच त्याची निवड केली. तंतुवाद्यांचा मोठा, मऊ वृंद. आणि त्यावर पार झिजलेला आवाज. काही समीक्षकांना ती ऐकवत नाही, काहींना ती तिची सर्वोच्च कृती वाटते. एलिस स्वतः आरंभी नाराज होता. नंतर पूर्ण मुद्रण पुन्हा ऐकल्यावर त्याचे मत बदलले.

माझे मत मी असे मांडेन. या मुद्रिकेत काही ठिकाणी आवाज पोहोचतच नाही, आणि तेथे कोणतेही रसग्रहण कामाला येत नाही. परंतु 'आय अ‍ॅम अ फूल टू वाँट यू' या पहिल्याच गाण्यात श्वास कमी पडतो म्हणून ओळ तुटते, असे वाटत असताना ध्यानात येते की ती तुटते ती अर्थाच्या सांध्यावरच. दौर्बल्याला तिने विरामचिन्हांचे काम दिले आहे. शिवाय या मुद्रिकेसाठी तिने जुनी, सोपी झालेली गाणी न निवडता पूर्वी न मुद्रित केलेली गाणी घेतली. केवळ मोडून पडलेली व्यक्ती असे करत नाही. याच गाण्याच्या गीतकारांत फ्रँक सिनात्राचे नाव आहे, आणि आपल्यावरील सर्वांत मोठा सांगीतिक प्रभाव बिली हॉलिडेचा, असे त्याने १९५८ मध्येच 'एबनी' मासिकात सांगितले होते. हा प्रभाव तिच्या दुःखाचा नव्हता. ओळ कशी म्हणावी, या तिच्या ज्ञानाचा होता.

वारसा कोणाचा?

मृत्यूसमयी तिच्या बँकेच्या खात्यात ७० सेंट होते असे सांगतात. तिच्या मृत्यूनंतर तिच्या तबकड्यांचे मूल्य मात्र वाढतच गेले. १९६२ मध्ये कोलंबियाने तिच्या जुन्या गाण्यांचा संच काढला. १९७२ मध्ये डायना रॉसची भूमिका असलेला चित्रपट आला आणि नव्या पिढीला तिचे नाव, तसेच तिची दंतकथाही, ठाऊक झाली. डेक्काची सर्व मुद्रणे १९९१ मध्ये, व्हर्व्हची १९९२ मध्ये दहा तबकड्यांत आणि कोलंबियाची २००१ मध्ये पुन्हा दहा तबकड्यांत एकत्र निघाली. या तिन्ही संचांना ऐतिहासिक संग्रहासाठीचे ग्रॅमी पारितोषिक मिळाले. ज्या गाण्यांसाठी तिला एकरकमी रक्कम देऊन वाटेला लावले गेले, ती गाणी आज संग्राहकांची संपत्ती आहेत. हा हिशेब कटू आहे आणि तो नोंदवल्याशिवाय पुढे जाऊ नये.

आता आरंभीच्या प्रश्नाकडे. चरित्र बाजूला ठेवून गाणे ऐकता येते का? या अभ्यासातून मला मिळालेले उत्तर असे की, प्रत्येक तबकडी याचे उत्तर निराळे देते. १९३५ चे गाणे चरित्र मागत नाही, उलट ते विसरावयास सांगते. 'स्ट्रेंज फ्रूट' चरित्र मागत नाही, इतिहास मागते. १९४८ नंतरची मुद्रणे परवान्याची हकिकत मागतात. 'लेडी इन सॅटिन'मध्ये देहाची अवस्था ऐकू येतेच, ती नाकारण्यात अर्थ नाही. पण त्या अवस्थेने काय गायले, हे ऐकल्याशिवाय अवस्थेविषयी बोलणे ही दया झाली, रसिकता नव्हे. आणि दया दाखवताना आपण त्या कलावंताच्या हातातून तिचे कर्तृत्व नकळत काढून घेतो. कृष्णवर्णीय, गरीब घरातल्या, शाळा न शिकलेल्या स्त्रीच्या बाबतीत तर हे फार सहज घडते. ती विचार करत होती, निवड करत होती, हे मान्य करण्याऐवजी ती भोगत होती एवढेच आपण म्हणतो.

ज्या विद्यार्थिमित्रांना हे गाणे ऐकून पाहावेसे वाटेल त्यांना एक सूचना करते. एकेक गाणे सुटे ऐकू नये, जोडीने ऐकावे : १९३६ आणि १९५२ चे 'दीज फूलिश थिंग्ज', १९३५ आणि १९५४ चे 'मूनलाइट', १९३९ आणि १९५७ चे 'फाइन अँड मेलो'. प्रथम शब्दांकडे लक्ष न देता फक्त ती ठोक्याच्या किती मागे आहे तेवढे ऐकावे. मग शब्द ऐकावेत. तिच्या आयुष्याविषयीचे पुस्तक त्यानंतर उघडावे. माझा अनुभव असा की तोपर्यंत पुस्तकाला विचारावयाचे प्रश्न पुष्कळ जमलेले असतात, आणि त्यांतले बहुतेक प्रश्न दुःखाविषयीचे नसतात, गाण्याविषयीचे असतात.